अर्धा पोशाख : सेनापती न्येन आणि चार फटींचा झगा

१७२६ च्या जानेवारीत बीजिंगमध्ये एका सेनापतीवरच्या आरोपांची यादी पुरी झाली. कलमं ९२. राजद्रोहाची ५, फसवणुकीची ९, पायरी सोडून वागल्याची १६, उद्धटपणाची १३, मनमानी कारभाराची ६, मत्सराची ६, क्रौर्याची ४, लाच आणि लोभाची १८, सरकारी पैसा गिळल्याची १५. बेरीज करून पाहा, बरोबर येते. चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या छिंग दरबाराचे कारकून हिशेबाला पक्के होते.

पायरी सोडून वागल्याच्या त्या १६ कलमांत एक असं आहे: हंसाच्या पिल्लासारख्या पिवळ्या रंगाची सुरी आणि बटवा वापरला, आणि परवानगी नसताना चार फटींचा झगा घातला. आणखी एक: त्याच्या मुलानं चार वर्तुळांचं वस्त्र घातलं.

गंमत अशी की राजघराण्याच्या खास कपड्यांपैकी सगळ्यात मानाची वस्तू या सेनापतीनं चोरली नव्हती आणि परस्पर शिवूनही घेतली नव्हती. ती त्याला सम्राटानं स्वतः दिली होती, जेमतेम सव्वा वर्षापूर्वी. मग चुकलं कुठे? या प्रकरणाची मांडणी मी त्या एका प्रश्नाभोवती केली आहे. राजकारण त्यात आहेच, पण कपड्यांच्या बाजूनं पाहिलं तर एरवी निसटणारं बरंच काही दिसतं. सम्राट आणि सेनापती यांची नावं इतिहासात उघडच आहेत. बाकीचे बहुतेक अधिकारी इथे हुद्द्यानंच येतील.

पार्श्वभूमी: कपडे

मांचू लोकांनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं आणि दरबाराचा पोशाख बदलून टाकला. आधीच्या मिंग राजवटीचे झगे ऐसपैस, बाह्या लांबरुंद. मांचूंचे झगे घोडेस्वारांचे: अंगाबरोबर, छातीवरून आडवे जाऊन कुशीत बंद होणारे, आणि बाहीचं टोक घोड्याच्या खुरासारखं. थंडीत ते टोक हातावर ओढून घ्यायचं. दरबारात नमस्कारासाठी गुडघे टेकतानाही ते खाली सोडायचं, कारण सम्राटापुढे उघडे हात दाखवायचे नसत.

घोड्यावर मांड टाकायची तर झग्याला पुढे आणि मागे फट हवीच. पण राज्य स्थिरावलं तशी ही सोय पायरी होऊन बसली. अधिकाऱ्याच्या झग्याला फटी दोन, पुढे आणि मागे. राजघराण्यातल्या पुरुषाच्या झग्याला चार, म्हणजे दोन्ही बाजूंनाही. लांबून चालत येणाऱ्या माणसाच्या झग्याचा घेर कसा उडतो यावरून तो कुणाच्या घरातला ते कळे.

दरबारी पोशाखाचे दोन थर होते. आतला झगा रंगीत आणि भरतकामाचा. त्याच्या तळाला तिरप्या पट्ट्यांमध्ये लाटा, लाटांतून चार दिशांना वर आलेले डोंगर, वर ढग आणि ढगांत ड्रॅगन. सम्राटाच्या अशा झग्यावर ड्रॅगन नऊ असतात: छातीवर एक, पाठीवर एक, खांद्यांवर दोन, खाली पुढच्या बाजूला दोन, मागे दोन आणि नववा आतल्या पदराखाली झाकलेला. समोरून मोजले तर पाच दिसतात, मागूनही पाच. नऊ आणि पाच हे दोन्ही आकडे सम्राटपदाचे. नववा ड्रॅगन कुणालाही दिसत नाही, तरी तो काढावाच लागतो. या दरबाराचा स्वभाव त्या एका ड्रॅगनमध्ये आहे असं मला वाटतं.

या झग्यावर चढवायचं ते बाह्यवस्त्र, गुडघ्याखाली जाणारं, काळपट निळं. ते घातलं की आतलं बहुतेक काम झाकलं जायचं. दिसायचा तो बाह्यवस्त्रावरचा बिल्ला. मुलकी अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर पक्षी: पहिल्या श्रेणीला क्रौंच, तिसरीला मोर, सातवीला मंदारिन बदक, आठवीला लावा. लष्करी अधिकाऱ्यांना पशू: पहिल्या श्रेणीला छिलिन हा काल्पनिक प्राणी, दुसरीला सिंह, चौथीला वाघ. प्राणी कोणताही असो, चौकट मात्र चौकोनी. गोल बिल्ला राजघराण्याचा. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी ही चिनी कल्पना इथे कापडावर उतरली होती.

गोलांतही उतरंड होती. सम्राटाला चार वर्तुळं, छाती, पाठ आणि दोन खांदे. चारही ड्रॅगन समोर तोंड केलेले, पाच नखांचे, आणि खांद्यांवर सूर्य नि चंद्र. पहिल्या दर्जाच्या राजपुत्रालाही वर्तुळं चार, पण खांद्यांवरचे ड्रॅगन बाजूला तोंड केलेले. दुसऱ्या दर्जाच्या राजपुत्राचे चारही तसे. त्याखालच्यांना वर्तुळं दोनच, आणि नखं चार. राजघराण्याबाहेरचा सरदार, अगदी पहिल्या श्रेणीचा असला तरी, चौकोनातच राहायचा.

नखांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘पाच नखं म्हणजे सम्राट’ असं सरसकट सांगितलं जातं. चिनीत पाच नखांच्या ड्रॅगनला ‘लोंग’ म्हणतात आणि चार नखांच्याला ‘मांग’. पण राजपुत्रांच्या झग्यावरच्या ड्रॅगनलाही पाच नखं असत, आणि तरी नियमांत त्या झग्याचं नाव ‘मांग’ झगाच. कापडावर पाच नखं, कागदावर मांग. माणसाची पायरी ठरवणारी खरी गोष्ट कागदावर होती, हे या प्रकरणात पुढे फार कामाला येणार आहे.

पिवळ्याचंही तसंच. झळझळीत पिवळा सम्राटाचा, जर्दाळूसारखा युवराजाचा, सोनेरी इतर राजपुत्रांचा. कमरेचा पिवळा पट्टा म्हणजे राजघराण्याच्या मुख्य वंशाची खूण, तर दूरच्या भाऊबंदांना लाल पट्टा.

पार्श्वभूमी: माणसं

न्येन गंगयाओ हा मांचू नव्हता. हान वंशाच्या, पण मांचूंच्या ‘झेंड्या’त, म्हणजे त्यांच्या लष्करी नोंदणीच्या गटात, नोंदल्या गेलेल्या घराण्यातला होता. १७०० मध्ये तो सर्वोच्च राज्यपरीक्षा उत्तीर्ण झाला, १७०९ मध्ये सिचुआनचा प्रांताधिकारी झाला. त्याच्या घराण्याची नोंद राजपुत्र यिनझेनच्या अखत्यारीत आली आणि त्याची बहीण यिनझेनच्या घरात दिली गेली. हा यिनझेन १७२२ च्या अखेरीस गादीवर आला, तोच योंगझेंग सम्राट. वारसाहक्कावरून भावाभावांत तेढ होती. गादीचा मोठा दावेदार समजला जाणारा चौदावा राजपुत्र तेव्हा पश्चिम सरहद्दीवर महासेनापती होता. त्याला बीजिंगला बोलावून घेण्यात आलं आणि पुढे ती जागा न्येनला मिळाली.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. महासेनापतीची गादी न्येनच्या आधी एका राजपुत्रानं वापरली होती. पत्र कसं लिहायचं, कुणी गुडघे टेकायचे, निशाण कोणतं, हा सगळा थाट राजपुत्राच्या मापानं बेतला गेला होता. तो तसाच्या तसा एका प्रजाजनाच्या अंगावर आला.

१७२३ मध्ये पश्चिमेकडच्या छिंगहायमध्ये लोबसांग तेन्झिन या मंगोल सरदाराचा उठाव झाला. १७२४ च्या वसंतापर्यंत तो मोडून काढला गेला. प्रत्यक्ष शेवटचा घाव न्येनच्या हाताखालच्या यूए झोंगछीनं घातला, पण श्रेय महासेनापतीचं. सम्राट हर्षभरित झाला होता. हजारो वर्षं दाखला देतील अशी राजा आणि सेवकाची जोडी आपण दोघं होऊ, अशा अर्थाचं त्यानं न्येनला स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

अडचण

१७२४ च्या अखेरीस न्येन सम्राटाच्या भेटीला बीजिंगला आला. तेव्हा त्याला मिळालेल्या देणग्या इतिहासात एका ओळीत येतात: दोन डोळ्यांचं मोरपीस, ड्रॅगनच्या चार वर्तुळांचं बाह्यवस्त्र, पिवळा पट्टा, घोड्याचा जांभळा लगाम आणि सोन्याची नाणी.

मोरपीस पराक्रमी माणसाला मिळत असे. दोन डोळ्यांचं दुर्मीळ, तरी समजण्यासारखं. बाकीच्या तीन वस्तूंची गोष्ट वेगळी होती. चार वर्तुळं वरच्या दर्जाच्या राजपुत्रांची, पिवळा पट्टा राजरक्ताचा, जांभळा लगामही राजपुत्रांच्या थाटातला. चौकोनात बसणारा माणूस एका दिवसात वर्तुळात गेला.

मराठी वाचकाला इथे एक सवय आडवी येते. आपल्याकडे ‘वस्त्रं मिळाली’ म्हणजे पद मिळालं. १७२० मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली ती म्हणजेच पेशवेपद. आणि बाजीराव गेल्यावर नानासाहेबाला स्वतःची वस्त्रं वेगळी घ्यावी लागली, बापाची मुलाला आपोआप आली नाहीत. त्याच दशकात बीजिंगमध्ये जे घडलं त्यात वस्त्रं होती, पण पद नव्हतं. न्येन राजपुत्र झाला नाही. त्याला राजपुत्राच्या पोशाखातल्या काही वस्तू घालायची मुभा मिळाली, एवढंच.

काही वस्तू. अख्खा पोशाख नव्हे. माझ्या मते सगळी अडचण इथेच सुरू होते.

पट्ट्याचंच पाहा. मांचू पट्टा नुसता कधी बांधत नसत. त्याला दोन्ही बाजूंनी कडी असे, कडीला सुरी, बटवा, रुमाल लटकत. पट्टा पिवळा मिळाला, मग त्याला लटकणारा बटवा कोणत्या रंगाचा? बाह्यवस्त्र चार वर्तुळांचं मिळालं, मग त्याखालच्या झग्याला फटी दोन की चार? राजपुत्राच्या अंगावर या गोष्टी एकत्रच दिसायच्या. घरच्या शिंप्यानं, सामान सांभाळणाऱ्या कारभाऱ्यानं जोड लावून दिली असेल, की सेनापतीनं स्वतः मागून घेतली असेल, ते आता कोण सांगणार. आरोपपत्रात मात्र नेमकी हीच जोड पकडली आहे. पट्टा आणि वर्तुळं न्येनच्या स्वतःच्या पोशाखाच्या कलमांत कुठे नाहीत, कारण ती दिलेली होती. बटवा, सुरी आणि चार फटी आहेत, कारण त्या दिलेल्या नव्हत्या. अर्धा पोशाख सम्राटानं दिला, उरलेला अर्धा सेनापतीनं पुरा केला.

मग गोष्टी पसरत गेल्या. कपडे बांधायला पिवळी फडकी. मुलाच्या अंगावर चार वर्तुळं. फाटकावर वाजवणारे वाजंत्री साटिनच्या मांग झग्यांत. तो बाहेर पडला की रस्त्यावर पिवळी माती आणि पुढे बिल्ले लावलेले अधिकारी रस्ता मोकळा करताना. पिवळी माती सम्राटाच्या वाटेवर टाकत. मुक्कामाच्या वाड्याच्या भिंतींवर आणि फाटकाच्या नगारखान्यावर चार नखांचे ड्रॅगन रंगवलेले.

चार नखांचे! म्हणजे रंगाऱ्याला नखं मोजायला कुणीतरी बजावलं होतं. पाचवं नख काढायची हिंमत झाली नाही, की काढायचं नाही एवढी समज होती? मला हे सगळ्या यादीतलं सर्वांत बोलकं कलम वाटतं. नियम पाळण्याची काळजी घेतलेली दिसते, आणि तरीही ते कलम लागलंच. चार नखांची परवानगी अंगावरच्या कापडापुरती होती, भिंतीला ती लागू कुठे होती?

पर्याय

सेनापतीपुढे तीन वाटा होत्या. पहिली, देणगी नाकारणं. चिनी दरबारात मोठी देणगी दोन-तीनदा विनयानं नाकारायची रीत होती, पण विजयी सेनापतीनं खरोखर नाकारली असती तर तेही दुखावणारंच ठरलं असतं. दुसरी वाट, घ्यायची आणि पेटीत ठेवायची. बीजिंगमध्ये दरबाराच्या दिवशी घालायचं, पश्चिमेकडे शीआनच्या आपल्या छावणीत साधं राहायचं. तिसरी, जशी मिळाली तशी रोज वापरायची. त्यानं तिसरी धरली. लष्करी दृष्टीनं तिला कारणही देता येईल: सरहद्दीवर मंगोल सरदारांपुढे महासेनापती सम्राटाचा माणूस म्हणून उभा असतो, तिथे कपडे बोलतात. पण एका मंगोल सरदाराला, जो राजघराण्याचा जावई होता, त्यानं गुडघे टेकायला लावले. तेही कलम यादीत आहे.

सम्राटापुढच्या वाटा जास्त होत्या. खाजगीत समज देणं. ठरावीक वस्तू परत घेणं. बदली करणं. किंवा सगळं साठू देऊन एकदम खटला. पहिली वाट त्यानं खरंच चोखाळली. न्येन परतल्यावर त्यानं लिहिलं: पराक्रम गाजवायला निघणं सोपं, तडीस नेणं अवघड, तडीस नेणं सोपं, टिकवणं अवघड, टिकवणं सोपं, शेवट गोड करणं अवघड. इशारा स्वच्छ होता. पण त्यात बटवा नव्हता, फटी नव्हत्या, मुलाचं वस्त्र नव्हतं. अमुक गोष्ट काढून ठेव असं काहीही त्यात नव्हतं. ज्या माणसाला वर्षभर कौतुकाशिवाय काही ऐकायला मिळालेलं नाही, त्यानं असा इशारा सुभाषित म्हणून वाचला तर नवल नाही.

वस्तू परत घेण्याची वाटही उघडी होती. दरबारातला दुसरा बडा माणूस लोंगकोडो. गादीच्या वेळी त्याचाही मोठा हातभार, आणि त्यालाही याच प्रकारच्या देणग्या मिळाल्या होत्या. त्याच्याबाबतीत सम्राटानं १७२५ मध्ये सरळ हुकूम काढला: चार वर्तुळांचं वस्त्र जमा कर, दोन डोळ्यांचं पीस, पिवळा पट्टा आणि जांभळा लगाम पुन्हा वापरू नकोस. अपमान झाला, पण काय चुकलं आणि काय काढायचं ते कळलं. लोंगकोडोचंही पुढे बरं झालं नाही, १७२८ मध्ये तो कैदेत मेला. पण ती वेगळी कलमं, वेगळा खटला.

काय केलं गेलं

फिसकटायला कारण झालं एका वाक्याचं. १७२५ च्या सुरुवातीला आकाशात सूर्य-चंद्र आणि पाच ग्रह एका ओळीत आले. शुभ शकुन. सगळ्यांनी अभिनंदनाची पत्रं पाठवली. न्येनच्या पत्रात सम्राटाच्या अहोरात्र उद्योगाची स्तुती करणारा चार अक्षरांचा ठरीव शब्दप्रयोग उलटासुलटा पडला होता आणि अक्षरही गबाळं होतं. सम्राट म्हणाला, हा निष्काळजी माणूस नाही, त्यानं मुद्दाम केलं. कपड्यांतही हीच रीत दिसते. चिन्हांचा क्रम बदलला की तो हेतू समजला जातो, चूक समजली जात नाही.

त्याच वसंतात न्येनची बदली झाली, हांगझोऊला तिथल्या शिबंदीचा सेनापती म्हणून. महासेनापतीचा शिक्का यूए झोंगछीकडे गेला. हांगझोऊ हे नानजिंग आणि सूझोऊ यांच्या बरोबरीनं दरबारी रेशीम विणणाऱ्या तीन शहरांपैकी एक. ज्या झग्यांवरून पुढे त्याच्यावर कलमं लागली, तसलं कापड जिथे मागांवर चढत होतं तिथेच त्याला पाठवलं गेलं. हा योगायोग असावा. योंगझेंगच्या बाबतीत मात्र पैज लावणार नाही.

जाताना न्येन यीझेंगला थांबून राहिला, बहुधा हुकूम फिरेल या आशेनं. हा त्याचा सगळ्यात महागात पडलेला निर्णय. कपड्यांबद्दल ‘मला कळलं नाही’ म्हणता आलं असतं. हुकूम मिळूनही वाटेत थांबणं हा सरळ अवज्ञेचा पुरावा झाला. उन्हाळ्यात त्याचे दर्जे एकेक करत खाली आणले गेले. हांगझोऊमध्ये नंतर अशी गोष्ट सांगितली जाई की एका रात्रीत तो अठरा पायऱ्या उतरला आणि शेवटी वेशीवर पहारा देत बसला. ती लोककथा आहे.

दरम्यान सम्राटानं प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना मत विचारलं. याच अधिकाऱ्यांपैकी काहींनी वर्षभरापूर्वी रस्त्याकडेला गुडघे टेकून न्येनचं स्वागत केलं होतं; एक प्रांताधिपती आणि एक प्रांताधिकारी तर आरोपपत्रात नावानिशी येतात, गुडघे टेकवून घेतलेले म्हणून. आता तेच पुरावे जमवू लागले, आणि कपडे हा सोपा पुरावा होता. पैशाचा अपहार सिद्ध करायला वह्या लागतात. पिवळा बटवा सगळ्यांनी पाहिलेला असतो.

शरदात अटक झाली. बीजिंगला आणल्यावर ९२ कलमं मांडली गेली. त्यातली तीसहून अधिक मृत्युदंडाची असल्याचं सांगण्यात आलं. सम्राटानं पूर्वीच्या सेवेची आठवण ठेवून ‘कृपा’ केली, म्हणजे शिरच्छेदाऐवजी आत्महत्येची मुभा दिली. १३ जानेवारी १७२६ ला न्येन गंगयाओ मेला. त्याची बहीण, जी सम्राटाची वरच्या दर्जाची राणी होती, त्याच्या आधी काहीच दिवस वारली होती.

परिणाम

मुलगा न्येन फू याला मारण्यात आलं. पंधरा वर्षांवरच्या बाकीच्या मुलांना सरहद्दीवर हद्दपार केलं गेलं. १७२७ मध्ये त्यांना माफी देऊन आजोबांच्या ताब्यात दिलं. म्हाताऱ्या बापाची आणि थोरल्या भावाची पदं गेली, जीव राहिला. या भावाचं पुढचं आयुष्य नोंदवण्यासारखं आहे. न्येन शीयाओ थोड्याच काळात पुन्हा नेमला गेला आणि जिंगदेझेनच्या दरबारी चिनी मातीच्या भट्ट्यांची देखरेख त्याच्याकडे आली. धाकट्याच्या भिंतीवरच्या ड्रॅगनची नखं मोजली गेली, आणि थोरला आता राजवाड्यासाठी ड्रॅगनची भांडी भाजून घेत होता.

कपड्यांचे नियम पुढे आणखी बारीक होत गेले. टोपीवरचा मणी श्रेणीप्रमाणे कोणत्या रंगाचा, हे योंगझेंगच्याच काळात नीट बसवलं गेलं, आणि १७३० पासून महाग रत्नांऐवजी त्या रंगाची काच चालेल असं ठरलं. रत्न कोणतं याला महत्त्व उरलं नाही, रंग चुकता कामा नये. त्याचा मुलगा छ्येनलोंग यानं १७५९ मध्ये दरबारी वस्तूंच्या नियमांचा सचित्र ग्रंथ पुरा करवला, १७६६ मध्ये तो सुधारून छापला गेला. झगा, बाह्यवस्त्र, टोपी, पट्टा, प्रत्येकाचं चित्र, शेजारी कुणी काय घालायचं याचा मजकूर. सूर्य, चंद्र, तारे, डोंगर, ड्रॅगन, रानकोंबडा, यज्ञपात्रं, पाणवनस्पती, आग, धान्याचे दाणे, परशू आणि ‘फू’ची आकृती ही सम्राटाची बारा चिन्हं त्यात नियमानं बांधली गेली. हे सगळं न्येनमुळे झालं असं म्हणायला आधार नाही. छ्येनलोंगची चिंता मांचू पोशाख टिकवण्याची होती. मांचूंआधीच्या बाहेरच्या राजवटींनी चिनी कपडे धरले आणि त्या बुडाल्या, असं तो मानत असे.

नियम चित्रांत बांधून पळवाटा थांबल्या, असंही नाही. आज जगातल्या काही संग्रहालयांत असे झगे आहेत ज्यांवरच्या ड्रॅगनचं पाचवं नख टाके उसवून काढलेलं आहे. खालच्या पायरीच्या माणसानं तो वापरावा म्हणून. उसवलेल्या टाक्यांची भोकं रेशमात तशीच राहतात.

वेगळं काय करता आलं असतं

न्येननं काय करायला हवं होतं हे सांगणं सोपं आहे: पेटी. घालायचा तो एक दिवस दरबारात. मुलाच्या वस्त्राला तर कोणतीच सबब नाही. देणगी व्यक्तीला होती, घराण्याला नव्हती, आणि राज्यपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला ते माहीत नसणं शक्य नाही. चार फटींबद्दल मी त्याला थोडी सूट देईन, मुलाबद्दल नाही.

सम्राटाच्या बाजूचा हिशेब जास्त अवघड. न्येनला मारायचं कारण झगा नव्हतं, हे उघड आहे. सैन्य, पैसा, नेमणुकांतली ढवळाढवळ, गादीच्या वेळच्या गोष्टी माहीत असणं, अशी त्याहून जड कारणं होती. पण सम्राटाला खरोखर फक्त थाट आवरायचा असता, तर १७२४ च्या इशाऱ्यात सुभाषिताऐवजी वस्तूंची नावं आली असती. लोंगकोडोला दिलेल्या हुकमात ती आली. चार वस्तू, एक जमा करायची, तीन वापरायच्या नाहीत. न्येनलाही तसाच हुकूम त्या हिवाळ्यात गेला असता, तर तो मानतो की नाही हे तरी दिसलं असतं, आणि पुढे खटला भरायचा झाला असता तर तो नुसत्या थाटावर नव्हे, हुकूम मोडल्यावर भरता आला असता.

तिसरा निर्णय देण्याच्या क्षणाचा. चार वर्तुळं बीजिंगबाहेर घालायची का? पट्ट्याला काय लटकवायचं? खालचा झगा कोणता? मूल घालू शकतं का? देणगीच्या त्या एका ओळीत यातलं काहीच येत नाही. महासेनापतीचं पद राजपुत्राकडून आलेलं आणि कपडे राजपुत्राचे दिलेले. अशा वेळी ‘तू राजपुत्र नाहीस’ हे वाक्य कुठेतरी लिहिलेलं असायला हवं होतं. ते पहिल्यांदा लिहिलं गेलं आरोपपत्रात.